लाइट बिलाचा मेसेज आता त्याच्या मोबाईलवर जाऊ दे

पत्र : 'नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मुलगा 26 वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. हातात 22 हजार येतात. तरी सकाळी त्याला मीच उठवायचं, डबा मीच भरायचा, तेलकट कपडे मीच धुवायचे, रिचार्ज त्याच्या वडिलांनी मारायचा. गाडीचा हप्ता 4,600 रुपये आहे. या वर्षी दोनदा चुकला, दोन्ही वेळा ह्यांनी भरला, कारण कर्जाला हे सहकर्जदार आहेत. वीस तारीख उलटली की "आई, पाचशे दे की". धाकटी मुलगी 21 वर्षांची, बीएस्सीला आहे. घरातलं सगळं तिच्यावर. ह्यांची निवृत्ती दीड वर्षावर आलीय. मी काही बोलले की घरात वाद. हे म्हणतात, पोराकडून पैसे मागायची आपल्यात पद्धत नाही. नणंदबाई म्हणतात, लग्न करून द्या, आपोआप सुधारेल. पोरगा वाईट नाही हो. व्यसन नाही, कामावर दांडी नाही. मग चुकतंय कुठं?'

ताई,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ आधी धरू. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, जॉब (घडवायचा भाग) लावताना जो मुलगा दोन शतांश मिलिमीटरचा फरक सोडत नाही, गेटवर उशीर झाला तर अर्धा दिवस जातो हे ज्याला नीट कळतं, तो आळशी नाही. कंपनीत त्याच्या वतीने लक्षात ठेवायला कुणी नाही, म्हणून तिथे तो चोख आहे. घरी मात्र उठायची वेळ, रिचार्ज कधी संपतो, हप्त्याची तारीख, युनिफॉर्म वाळला की नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात. कामं तर तुम्ही करताच, पण खरं ओझं या लक्षात ठेवण्याचं आहे, आणि ते त्याच्याकडे कधी गेलेलंच नाही.

म्हणून 'जरा हातभार लाव' असं सांगून काही हलत नाही. हातभार म्हणजे काम तुमचंच, तो सांगितलं तेवढं करणार. तुम्ही चारदा विचारणार, तो चारदा "करतो गं" म्हणणार, पाचव्यांदा आवाज चढल्यावर काम होणार. त्यापेक्षा कामं थोडी द्या, पण पुरती द्या. कधी करायचं, सामान कुठून आणायचं, पैसे कुठले, झालं की नाही हे बघणं, सगळं त्याचं.

लाइट बिलापासून सुरुवात करा. महावितरणचा बिलाचा मेसेज सध्या तुमच्या यजमानांच्या मोबाईलवर येत असणार. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक हाताशी घेऊन महावितरणच्या ॲपवर नोंदणीचा मोबाईल नंबर बदलता येतो. तिथे मुलाचा नंबर घाला. एवढं केलं की आठवण करून देण्याचं काम तुमच्या डोक्यावरून उतरलं. मग एकदाच, छापील बिल समोर ठेवून त्याला दाखवा : चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की युनिट, पहिल्या 100 युनिटला एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी चढता. बिलावर भरायच्या रकमा तारखेनुसार वेगवेगळ्या असतात : लवकर भरलं तर थोडी कमी, शेवटच्या तारखेपर्यंत नेहमीची, त्यानंतर वाढीव. ड्रॉइंग वाचणाऱ्या मुलाला हे दहा मिनिटांत कळेल. त्यानंतर तो विषय काढायचा नाही. मेसेज आला का, भरलंस का, पावती कुठाय, काही विचारायचं नाही.

गॅस मात्र त्याच्याकडे देऊ नका. सिलिंडर दारात आल्यावर नोंदणीच्या मोबाईलवर आलेला कोड सांगावा लागतो, आणि त्या वेळी तो मशीनवर उभा असणार. सोपवलेलं काम त्याच्या शिफ्टमध्ये बसतं का, हे आधी बघायला हवं. नाहीतर पहिल्याच महिन्यात ते फसतं आणि 'बघा, याला जमतच नाही' असा शिक्का बसतो. पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी, तेव्हा रात्रीचा एक पदार्थ त्याचा. दुसरी शिफ्ट असेल तेव्हा सकाळ मोकळी, तेव्हा कपिलतीर्थ मंडईतून आठवड्याची भाजी आणणं त्याचं. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात स्वतःचे कपडे आणि स्वतःचं ताट सोडून काही मागू नका. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला झोप लागते. आळीपाळीच्या शिफ्टमध्ये 'रोज सात वाजता हे कर' असला नियम टिकत नाही. शिफ्टप्रमाणे तीन आठवड्यांचा कागद करा आणि फ्रिजवर लावा. तो त्यालाच लिहायला लावा.

आता पैशाचं. इथे यजमानांची अडचण मनापासून समजून घ्यायला हवी. पोराकडून पैसे घेणं म्हणजे त्याला भाडेकरू करणं, असं त्यांना वाटत असणार. तर भाडं हा शब्दच वापरू नका. वाटा म्हणा. आणि आपल्यात पद्धत नाही म्हणाल, तर ती याच गावात रुजलेली आहे. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, आणि खेड्यापाड्यातली पोरं आईवडिलांपासून लांब राहून इथे शिकली. कोल्हापुरातच बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण'. त्यांच्या वसतिगृहांत मुलं शेतात राबून स्वतःच्या जेवणाला हातभार लावायची. शिवाजी विद्यापीठात आजही कमवा आणि शिका योजना आहे. शिकणाऱ्या पोरानं राबलेलं चालतं, तर 26 वर्षांच्या कमावत्यानं घरात वाटा उचलण्यात कमीपणा कसला? यजमानांना हे निवांतपणे सांगा, मुलाशी बोलण्याच्या आधी आणि मुलगा घरात नसताना. तुम्ही दोघं एका बाजूला नसाल तर पुढचं काहीच करू नका.

वाटा अंदाजाने ठरवू नका, मांडून ठरवा. एका महिन्याचा खर्च वहीत लिहा. समजा किराणा 6,500, दूध 3,600, भाजी-फळं-अंडी 4,000, गॅस 900, लाइट 1,400, नेट आणि केबल 900, घरफाळा आणि पाणीपट्टी वर्षाची रक्कम बाराने भागून 700. बेरीज 18,000. घरात माणसं चार, एकाचा वाटा 4,500. हे आकडे नमुन्याचे. तुमचे तुम्ही घाला. दवाखाना, सणवार, लग्नकार्यं यात धरू नका, नाहीतर पहिल्याच बैठकीत वाद तिथेच अडकतो.

आता त्याच्या बाजूने बघा. 22,000 मधून वाटा 4,500, हप्ता 4,600, राहिले 12,900. मंगळवार पेठ ते शिरोली जाऊन-येऊन साधारण 20 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 520 किलोमीटर. गाडी लिटरला 45 देत असेल तर बारा लिटरच्या आत पेट्रोल; 1,300 धरा. वडिलांनी भरलेले दोन हप्ते 9,200 झाले. महिना 1,150 प्रमाणे आठ महिन्यांत फिटतात. पोस्टात किंवा बँकेत 2,000 ची आरडी. एवढं सगळं जाऊन हातात 8,450 उरतात. यात रिचार्ज, कपडे, मित्रांबरोबरची मिसळ, रविवारची मॅच, सगळं आरामात बसतं. हे गणित त्याच्या पुढ्यात त्याच्याच हातानं होऊ दे. वीस तारखेला पैसे संपतात कारण 22,000 हा आकडा त्याला 'खर्चायला 22,000' असा दिसतो. 8,450 हा आकडा त्याने कधी पाहिलेलाच नाही.

पैसे सरकवायचे ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी, तेही आपोआप. पगार सातला होत असेल तर आठला घराचा वाटा तुमच्या खात्यात आणि आरडी आरडीत, बँकेला एकदाच स्थायी सूचना देऊन. महिनाअखेरीला 'उरले तर देतो' असं ठेवलं की कधीच उरत नाहीत. काही घरांत आई हा वाटा गुपचूप साठवते आणि लग्नात मुलाला परत देते. प्रेमापोटी करतात, पण आमचं मत विरोधात आहे. त्याचा पैसा घराला खरंच लागतो आणि घर त्यावर चालतं, हे त्याला कळणं गरजेचं आहे. बचत करायची तर ती उघड आणि त्याच्याच नावावर.

हप्त्याची गोष्ट वेगळी आहे, ती जपून हाताळा. उठवणं थांबवलं आणि उशीर झाला, तर पगार त्याचा कापला जाईल. पण हप्ता चुकला तर यजमान सहकर्जदार असल्यामुळे दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो, वर खात्यात पैसे नसल्याचा दंड बँक वेगळा लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा. निवृत्तीच्या तोंडावर यजमानांना कुठलं कर्ज लागलं तर तेच अडेल. म्हणून 'चुकू दे, शिकेल' हे इथे लागू नाही. फायनान्स कंपनीकडे अर्ज करून हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांवर आणता येते का ते त्याने विचारावं, त्याने म्हणजे तुम्ही नव्हे. आणि आधीच स्पष्ट बोलून ठेवा : यापुढे एकही हप्ता बाबांना भरावा लागला तर गाडी विकून कर्ज फेडायचं आणि कंपनीच्या बसने नाहीतर केएमटीच्या सिटी बसने जायचं. बोललात तर तसंच करावं लागेल. करवणार नसेल तर बोलू नका.

बोलायची वेळ वीस तारीख नव्हे, पाचशे मागताना तर नव्हेच. पगाराच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी, चहा झाल्यावर, टीव्ही बंद, चौघंही बसलेले. मागचं उकरू नका. एवढं पुरे : "बाळा, बाबा दीड वर्षात रिटायर होणार. घर आता आपल्या चौघांनी मिळून चालवायचंय. हा महिन्याचा खर्च. यातला तुझा वाटा किती, तूच काढ. लाइट बिल आजपासून तुझं. आणि एक तारखेपासून तुला उठवायला मी येणार नाही, तुझा तू गजर लाव." मुलगी शेजारीच असेल, तिच्याशी तुलना नको. "बघ तुझी बहीण" हे तीन शब्द आले की बैठक तिथेच मोडते.

उठवणं बंद करायला पंधरा दिवसांची मुदत द्या, अचानक नको. दोन गजर लावायला सांगा, दुसरा पलंगापासून लांब, उठून बंद करावा लागेल असा. मग पहिल्या तारखेपासून खरंच जाऊ नका. पहिल्या आठवड्यात एकदा उशीर होईल, अर्धा दिवस जाईल, तो चिडून म्हणेल, "एक हाक मारली असतीस तर काय बिघडलं असतं?" हा दिवस सगळ्यात कठीण. उत्तर लांबवू नका. "हो रे, उशीर झाला खरा. चहा घे." एवढंच. सुनावू नका, आणि दुसऱ्या दिवशी हळूच हाकही मारू नका.

बहुतेक घरांत घोटाळा इथेच होतो. सवय मोडायला लागली की ती जाण्याआधी एकदा जोर करते. आवाज चढेल, अबोला धरेल, 'आई बदलली' असं बहिणीला ऐकवेल, एखाद्या रात्री न जेवता झोपेल. आईचं मन त्याच दिवशी विरघळतं. पण सात वेळा 'नाही' म्हणून आठव्या वेळी 'हो' म्हटलंत, तर तो एवढंच शिकतो की आठ वेळा मागायचं असतं. पुढच्या खेपेला तो आठव्या वेळेपर्यंत दम धरेल. सुरुवातीलाच 'हो' म्हटलेलं त्यापेक्षा बरं. यजमानांनाही हे सांगून ठेवा, कारण आईने नाकारलेले पाचशे बाबांच्या खिशातून जिन्यात मिळत असतील तर महिनाभराची मेहनत वाया जाते. जेवण, माया, चौकशी यात काडीचाही हात आखडू नका. रागावलेल्या पोराच्या ताटातही नेहमीसारखा गरम भात पडू दे.

स्वयंपाकात डब्यापासून सुरुवात करू नका. पहाटे पाचला शिकवायला कुणालाच धीर नसतो. सुट्टीच्या दिवशी वरण-भात. तांदूळ एक वाटी, धुऊन, पाणी दोन वाट्या, तीन शिट्ट्या. तूरडाळ एक वाटी, पाणी तीन वाट्या, चिमूटभर हळद, चमचाभर तेल, चार शिट्ट्या. कुकरच्या तळाशी दोन पेरं पाणी हवंच. ते विसरलं की भांडं करपतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. शिट्टी न होता कडेने वाफ जात असेल तर रबरी रिंग सैल झाली, नवीन आणायची. शिट्टीच्या भोकात डाळ अडकली नाही ना, हे झाकण लावायच्या आधी उजेडाकडे धरून बघायचं. मशीनवर काम करणाऱ्याला ही कारणं पटकन समजतात, म्हणून कृतीबरोबर कारणही सांगा. दुसऱ्या रविवारी त्याच डाळीची आमटी : दोन चमचे तेल, मोहरी, लसणाच्या सहा पाकळ्या ठेचून, गॅस बारीक करून मग दीड चमचा घरची कांदा-लसूण चटणी. चटणी मोठ्या आचेवर पडली की जळून कडू होते आणि सगळं घर खोकतं. हे एकदा होऊ दे. तुम्ही त्या वेळी ओट्याशी न थांबता बाहेरच्या खोलीत बसा. तुम्ही शेजारी असलात की डाव तुमच्याच हातात येतो. पोळी-भाकरी शेवटी, हवी तर वर्षाने. वरण-भात, आमटी, अंड्याची पोळी आणि एक सुकी भाजी जमली की माणूस कुठेही उपाशी राहत नाही.

कपडे मात्र पहिल्याच आठवड्यापासून त्याचे. कूलंट आणि ऑइलचा युनिफॉर्म घरच्या कपड्यांत कधीच टाकायचा नाही, सगळ्या कपड्यांना वास धरतो. कोरड्या डागावर भांडी घासायचं लिक्विड चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, मगच पाणी. आधी भिजवलं की तेल सुटायला त्रास होतो. मशीनचा ड्रम पाऊण भरायचा, वर हात घालायला जागा राहील इतका. कपडे टाकताना खिसे तपासले नाहीत आणि एखादी इन्सर्ट (कटिंग टूलची धारदार टिकली) ड्रममध्ये गेली तर मशीनचं आणि कपड्यांचं काय होतं, हे त्याला सांगावं लागणार नाही. सोमवारी घालायला युनिफॉर्म नाही असं एकदा होईल. तेव्हा रात्री अकराला उठून धुऊ नका.

नणंदबाईंच्या सल्ल्याबद्दल एवढंच, की लग्नाने हे काम तुमच्याकडून सुनेकडे जाईल. उठवणारी बदलेल, उठणारा तोच. आज मुली लग्न ठरवताना हे विचारतात आणि त्यांनी विचारावंच. आधी हे मार्गी लावा, मग स्थळं बघा.

आणि मुलीकडे वळा. ती घरातलं सगळं करते म्हणून ती स्वावलंबी झाली असं धरून चालू नका. तिचं बँकेचं खातं ती स्वतः चालवते का? शिष्यवृत्तीचा फॉर्म कोण भरतं, ती की बाबा? पुण्याला परीक्षा असली तर एकटी जाते का? लायसन्स आहे का? नसेल तर या महिन्यात लर्निंग काढून टाका. 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. भावाकडे गेलेली कामं तिच्या डोक्यावरून खरंच उतरली पाहिजेत. त्याची पाळी असताना तिने 'राहू दे, मी करते' म्हटलं तर तिलाच थांबवा, प्रेमाने पण ठामपणे.

विम्याचंही बघून घ्या. कुटुंबाच्या बऱ्याच पॉलिसींत मुलाला साधारण पंचविशीपर्यंतच धरतात. तो 26 चा आहे. पगार ठरावीक मर्यादेपुढे गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू राहत नाही. तेव्हा कंपनीचा गट विमा आहे का, आणि पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) चालू आहे का, हे त्याने एचआरला विचारून तुम्हाला सांगावं. त्याच्या ऐवजी यजमानांनी फोन करायचा नाही.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. आज तो कामावर नियमित जातो, म्हणून हा सगळा सल्ला. पुढे कधी झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, कामावर जाणं थांबलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तिथे वाटा, कागद, गजर सगळं बाजूला ठेवायचं. ते आजारपण असू शकतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

पहिल्या तीन महिन्यांत लाइट बिल एकदा तरी उशिरा भरलं जाईल, हे धरूनच चाला. त्याने लगेच वीज जात नाही. तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. वाढीव रक्कम त्याने त्याच्या पैशातून भरायची. यजमान म्हणतील, "दे इकडे, मीच भरतो." नाही द्यायचं. पुढच्या महिन्याचं बिलही त्याचंच.